भिंतीला ओल आलीय? रंगाचा डबा आधी खाली ठेवा

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या एका भिंतीला सलग तीन पावसाळे ओल आली आणि सलग तीन दिवाळ्यांना आम्ही तीच भिंत रंगवली. पहिल्या वर्षी नुसता रंग, दुसऱ्या वर्षी पेंटरने पुट्टी खरवडून परत पुट्टी भरली आणि वर डॅम्पप्रूफ प्रायमर मारला, तिसऱ्या वर्षी अजून महागातलं काहीतरी, ज्याच्या डब्यावर छत्रीचं चित्र होतं. दरवेळी जुलै अर्धा सरला की कपाटाच्या मागून तो कुबट वास यायला लागायचा. तिसऱ्या वर्षी तर रंगाला चांगला पेढ्याएवढा फुगा आला, मी बोटाने दाबला आणि आतून चमचाभर पाणी टचकन अंगठ्यावरून मनगटापर्यंत आलं. म्हणजे तो महागातला रंग वॉटरप्रूफ होता खरा, त्याने पाणी भिंतीच्या आतच धरून ठेवलं होतं!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण तीन वर्षं ताप उतरवायला थर्मामीटर धुतोय. पाणी येतंय कुठून हे कळल्याशिवाय भिंतीवर काहीही लावणं म्हणजे पैसे पाण्यात, इथे तर अगदी शब्दशः. खाली जे लिहिलंय ते ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आहे, मलाही काही माहीत नव्हतं, तीन मिस्त्री, दोन प्लंबर आणि एक बऱ्यापैकी इंजिनिअर यांच्याकडून तुकड्या-तुकड्याने शिकलो.

सगळ्यात आधी स्विचबोर्ड

ओल जिथे आहे तिथे किंवा तिच्या खाली-वर स्विचबोर्ड, प्लग, भिंतीतून गेलेली वायर असेल तर बाकी सगळं सोडा आणि त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डातला त्या लाइनचा स्विच) पाडा. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते "थोडंसं" प्रकरण नसतं. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) आहे का ते बघा, जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा नसतो, इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या. हा खर्च ओलीच्या खर्चात धरू नका, तो जीवाचा खर्च आहे.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे ओल नुसत्या विटांच्या भिंतीवर आहे का बीम, कॉलम, स्लॅबवर. काँक्रीटवर लांब सरळ भेग, तांबूस डाग, किंवा पोपडा पडून आतली गंजलेली सळई दिसत असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीट ढकलून फोडतं, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच पाहिजे, पेंटरही नको आणि वॉटरप्रूफिंगवालाही नको. बिल्डिंग ३० वर्षांच्या वर असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का हे सोसायटीला विचाराच.

पेन्सिल, तारीख, फोटो

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी प्रकार. डागाच्या कडेकडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर रविवारी परत. सोबत त्याच जागेवर उभं राहून मोबाइलवर एक फोटो. पाच-सहा आठवड्यांत भिंतीवर नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा तयार होतात आणि भिंत बोलायला लागते.

वहीत बाजूला दोन गोष्टी लिहायच्या, त्या आठवड्यात पाऊस कसा होता आणि घरात (आणि वरच्या घरात) पाणी कसं वापरलं गेलं. आमचं उत्तर इथेच मिळालं. सोसायटीतले सगळे म्हणत होते की पावसाचंच पाणी आहे, बाहेरच्या भिंतीला भेग असणार, पावसाळ्यात येतं म्हणजे पाऊसच ना! मलाही पटलेलं. पण त्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकू गणपतीला दहा दिवस चिपळूणला गेल्या, घराला कुलूप, आणि नेमका त्याच दहा दिवसांत बाहेर धो धो पाऊस. डाग वाढायला हवा होता. तो चक्क चार बोटं आत सरकला. काकू परत आल्या आणि पुढच्या रविवारी रेघ पुन्हा बाहेर.

मग पावसाळ्यातच का दिसायचं? तर ओल म्हणजे जमाखर्च असतो. भिंतीत रोज जेवढं पाणी शिरतं त्यातलं काही रोज सुकून जातं. उन्हाळ्यात हवा कोरडी, खिडक्या उघड्या, बारीक गळतीचं पाणी आतल्या आत सुकतं आणि भिंत कोरडी दिसते. पावसाळ्यात हवेत आधीच इतका दमटपणा की सुकणं जवळजवळ बंद, त्यामुळे बारा महिने चालू असलेली गळती चारच महिने दिसते. त्यामुळे "पावसाळ्यात येते म्हणजे पावसाची" हे खरंही असू शकतं आणि साफ खोटंही.

डाग कुठे आहे ते नीट बघा

डागाची जागा अर्धं उत्तर देते. भिंतीच्या वरच्या टोकाला, छताला लागून, आणि तुम्ही शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्चीकडे संशय. मधल्या मजल्यावर असाल आणि भिंतीच्या पलीकडे किंवा वर बाथरूम असेल तर नळ, ड्रेनेज, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं). खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून मिशांसारखे उतरणारे डाग असतील तर खिडकीची चौकट आणि उंबऱ्याचा दगड, त्याचा उतार आतल्या बाजूला असतो कधीकधी, बिल्डरची कृपा. बाहेरची भिंत असेल आणि ती पश्चिमेला किंवा दक्षिणेला तोंड करून असेल तर पावसाची झोड थेट तिच्यावरच, कारण आपल्याकडे मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक पण बघा, ते बाहेरच्या बाजूने भरायला कुणालाच आठवत नाही.

आणि जमिनीपासून वर चढलेली ओल, साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत, वरची कड आडवी आणि तिथे पांढरी मिठासारखी पावडर, ही तळमजल्यावरच असते आणि हिचा रोग वेगळा आहे, तिच्याकडे नंतर येतो.

त्या पांढऱ्या पावडरीला आमच्याकडे लोणा म्हणतात. ती बुरशी नाही, क्षार आहे, पाणी भिंतीतून बाहेर येताना विटांतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोटांत चुरगळून बघा, लोणा कुरकुरतो, बुरशी भिंतीवर बहुतेक काळी-हिरवी आणि पुसली की पसरते. लोणा कधी ओल्या फडक्याने पुसू नका, विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि कागदावर गोळा करून टाकायचा.

ओल आतली की हवेतली?

फॉइलची टेस्ट. स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल फूटभर बाय फूटभर कापा, भिंतीचा तो भाग फडक्याने कोरडा करा आणि चारही कडा टेपने पक्क्या बंद करून चिकटवा. ओल्या भिंतीवर टेप टिकत नाही, मग थोडं बाजूला, जिथे रंग धड आहे तिथे लावा. एक-दोन दिवसांनी बघा. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर ते हवेतलं दव आहे. फॉइल काढल्यावर मागची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

आपल्याकडे बहुतेक वेळा भिंतीतूनच निघतं, पण दोन अपवाद मी स्वतः बघितलेत. एक म्हणजे बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेलं मोठं कपाट, मागे हवाच खेळत नाही. दुसरं म्हणजे रात्रभर १८ वर एसी चालणाऱ्या खोलीची पलीकडची बाजू, पावसाळ्यात ती भिंत थंडगार पडते आणि पॅसेजमधल्या दमट हवेचं पाणी तिच्यावर जमतं, थंड ताकाच्या ग्लासावर जमतं तसं. एसी २५-२६ वर नेला आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं की बऱ्याचदा विषय संपतो.

थंड देशात राहणाऱ्यांचं उलटं. माझा मावसभाऊ जर्मनीत आहे, त्याच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली तेव्हा तो पण पाइप फुटला म्हणून घाबरला होता. कारण निघालं घरातच दोरीवर वाळणारे कपडे, कुकरच्या वाफा आणि थंडीमुळे महिनोन्महिने बंद खिडक्या. तिकडे दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायची पद्धतच आहे, श्टोसल्युफ्टन म्हणतात, घरमालक त्यावरून भाडेकरूंना बोलतात सुद्धा. थंडी असली तरी हीटर पूर्ण बंद ठेवायचा नाही, भिंत गार पडली की दव जमणारच.

बाथरूमवर संशय असेल तर

इथे घाई नको. थेट टाइल्स फोडायला सांगणारा मिस्त्री आला की त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. बाथरूममधून पाणी यायचे तीन वेगवेगळे रस्ते असतात आणि एका वेळी एकच तपासायचा, सगळं एकदम केलं तर ओल वाढल्याचं कळेल पण कशामुळे ते नाही.

पहिला, नळाची लाइन. हिच्यात चोवीस तास प्रेशर असतं त्यामुळे गळती असेल तर डाग सतत वाढतो, कुणी आंघोळ करो न करो. जिथे स्वतःचा पाण्याचा मीटर आहे तिथे रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा, सकाळी बघा, आकडा हलला तर कुठेतरी गळतंय. मीटर नसेल तर प्लंबर लाइन बंद करून हातपंपाने प्रेशर देतो आणि गेजचा काटा खाली येतो का बघतो. भिंतीतले जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असतील तर २५-३० वर्षांत ते आतून गंजून चाळणी झालेले असू शकतात, तिथे तुकडा बदलण्यापेक्षा पूर्ण लाइन नवीन सीपीव्हीसी प्लास्टिकची टाकलेली परवडते.

दुसरा, फरशी आणि टाइल्सचे सांधे. नहाणी ट्रॅपच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी आणि वर फडक्याचा बोळा घट्ट बसवा, दाराशी कणकेचा बांध घाला (हसू नका, कणीक मस्त चिकटते आणि नंतर निघते पण) आणि इंचभर पाणी भरून चोवीस तास ठेवा. कडेला पातळीची खूण करा. त्या दिवशी बाथरूम वापरायचं नाही, आधी सगळ्यांना सांगून ठेवा नाहीतर सकाळी सहाला कोणीतरी बोळा काढून आंघोळ करून मोकळं होतं. अनुभव आहे.

तिसरा, ट्रॅप आणि ड्रेनेजचा पाइप. हे वापरल्यावरच गळतं. फरशी कोरडी झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी, नुसत्या ट्रॅपमध्ये बादलीने रंगीत पाणी ओता, खायचा रंग चालतो. फ्लशच्या टाकीतही तसंच. फक्त एक लक्षात ठेवा, रंग आला तर पुरावा पक्का, पण नाही आला म्हणजे पाइप निर्दोष असं नाही, विटा आणि कोब्यातून (फरशीखालच्या किंवा गच्चीवरच्या विटा-सिमेंटच्या थरातून) झिरपताना रंग गाळला जातो. अशा वेळी पेन्सिलच्या रेघेवर विश्वास ठेवा.

आमच्याकडे हाच तिसरा रस्ता निघाला, वरच्या बाथरूमच्या ट्रॅपभोवतीचा सांधा. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर फरशी बसवलेली असते. ट्रॅपच्या बाजूने रोज थोडं थोडं पाणी त्या खड्ड्यात उतरतं, आत तळं साचतं आणि तिथून हळूहळू आपल्या भिंतीत.

वरच्यांशी बोलायचं कसं

याला कोणत्याच प्लंबरकडे हत्यार नाही. आधी मी एकदा चूक केलेली, संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या तडक वर गेलो आणि दारातच "काकू, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या घरात येतंय" असं सुनावलं. काकू म्हणाल्या, "आमचं बाथरूम एकदम कोरडं आहे हो, मागच्याच वर्षी टाइल्स बदलल्यात." दार बंद. पुढचे दोन महिने लिफ्टमध्ये दोघंही मोबाइल बघत.

दुसऱ्या वेळी बायको गेली, "काकू, चहाला खाली या ना, जरा भिंत दाखवायची होती." काकूंनी चष्मा लावून पेन्सिलच्या रेघा आणि तारखा वाचल्या, दोन नोंदींवर बोट ठेवलं आणि स्वतःच म्हणाल्या, "अगो, म्हणजे आम्ही चिपळूणला होतो तेव्हा..." बस. पुढच्या आठवड्यात त्यांनीच प्लंबर आणला.

तसं झालं नाही तर सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, फोटो आणि तारखांसकट, पोच घ्या. आपल्या महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन ही सोसायटीची जबाबदारी आणि सभासदाच्या स्वतःच्या बाथरूम-टॉयलेटमधली गळती सभासदाची. हे माहीत असलं तर "मेंटेनन्समध्ये बसत नाही" हे वाक्य ऐकून गप्प बसावं लागत नाही.

गळती बंद करणं

बाथरूममध्ये शोधायचं कसं ते सांगितलंच, आता सांधा असेल तर जुनी ग्राउट (टाइल्समधल्या फटींत भरलेला मसाला) खरवडून इपॉक्सी ग्राउट, ट्रॅप असेल तर त्याच्याभोवतीचं फोडून ट्रॅप नीट बसवून पॉलिमर मॉर्टरने (चिकट केमिकल घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरायचं. पूर्ण बाथरूम उकरायची वेळ आलीच तर वॉटरप्रूफिंग फक्त जमिनीला नको, भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत चढवायला सांगा, आणि टाइल्स बसायच्या आधी पाणी भरून टेस्ट घ्या. टाइल्सनंतर टेस्ट घेऊन काय उपयोग!

बाहेरच्या भिंतीला भेगा असतील तर नुसता बाहेरून रंग नको, भेग व्ही आकारात थोडी रुंद करून, धूळ काढून, पॉलिमर मॉर्टर किंवा क्रॅक फिलर भरून मग वर लवचिक कोटिंग. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर कापून उपयोग नाही, मूळ काढा, नाहीतर पुढच्या वर्षी तो दुप्पट जोमाने येतो. काम परांचीवरून किंवा दोरखंडावरून होतं, ते सोसायटीला सांगूनच, आणि कामगाराला बेल्ट आहे का ते वर तोंड करून स्वतः बघा.

गच्चीसाठी: आधी पावसाच्या पाण्याची जाळी साफ करा. गंमत नाही, अर्ध्या गळत्या तिथे साठलेला पाचोळा आणि पतंगाचा मांजा काढला की थांबतात असं आमचे मिस्त्री म्हणायचे आणि त्यांच्या धंद्याविरुद्धची गोष्ट असल्यामुळे मला ती खरी वाटते. मग कठड्याला लागून असलेला वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) फुटलाय का ते बघा, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. कोबा नवीन करायचा तर उतार १०० ला १ तरी पाहिजे.

काम कोण करणार आणि नेमकं काय करणार हे कागदावर घ्या. "दहा वर्षांची गॅरंटी साहेब" याला काही अर्थ नसतो, कोणतं मटेरिअल, किती कोट, टेस्ट कधी, हे लिहून घेतलं तर असतो. शेवटचा हप्ता पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर द्यायचा हे आधीच ठरवा, चांगला माणूस कुरकुरेल पण तयार होईल.

आता थांबा

इथे सगळे घसरतात. गळती बंद झाली म्हणजे भिंत कोरडी झाली असं नाही. काकूंच्या ट्रॅपचं काम झालं आणि आमचा डाग जरासा आत सरकून पुढचे दीड महिने तिथेच अडकला, मी परत भांडायला निघालेलो, प्लंबरने थांबवलं. वरच्या खड्ड्यात साचलेलं पाणी संपायला तेवढा वेळ लागतो.

ढोबळ हिशोब असा की विटांची भिंत सुकायला दर इंचाला साधारण एक महिना. म्हणजे साडेचार इंची भिंतीला चार-पाच महिने आणि नऊ इंचीला जवळपास पाऊण वर्ष, दोन्ही बाजूंनी वारा मिळाला तर लवकर, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. म्हणून शोध पावसाळ्यात घ्या, गळती दिवाळीच्या आसपास बंद करा आणि आतलं प्लास्टर-रंग एप्रिल-मेमध्ये. घरात लग्न असेल तर कपाट पुढे ढकला, त्यावर फोटोंची माळ लावा, काय वाटेल ते करा पण ओल्या भिंतीवर रंग नको.

सुकवायला फुगलेला रंग आणि पुट्टी लगेच खरवडून टाका, भिंत उघडी राहू दे. दिसायला घाण दिसते, पाहुणे विचारतात, विचारू देत. पंखा लावा, खिडक्या उघडा. हीटर किंवा हॅलोजन भिंतीजवळ लावून घाई केली तर वरचा थर सुकतो, आत ओल तशीच आणि प्लास्टरला भेगा. ऑनलाइन मिळणारे दोन पिनांचे मॉइश्चर मीटर आहेत, खाली-वर फरक बघायला ठीक, पण क्षार असलेल्या भिंतीवर ते उगाच जास्त आकडा दाखवतात.

बुरशी

काळे डाग कोरड्या ब्रशने घासू नका, सगळे कण खोलीभर उडतात आणि नाकात जातात, दमा असणाऱ्यांना तर घरात थांबूच देऊ नका. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, खिडकी उघडी. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं, भिंत सुकू द्यायची. जास्तच असेल तर बाजारात मिळणारं अँटीफंगल वॉश. ब्लीच वापरणार असाल तर त्याच वेळी टॉयलेटचं ॲसिड किंवा ॲसिडवाला क्लीनर त्या खोलीत आणायचा सुद्धा नाही, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

कपाटातल्या कपड्यांचं तेव्हाच बघा. आईच्या एका पैठणीच्या काठावर पांढरे ठिपके आले होते, घरी धुवायच्या फंदात न पडता ती सावलीत पसरून मग ड्रायक्लीनरकडे दिली, वाचली.

प्लास्टर आणि रंग

भिंत सुकल्यावर हातोडीच्या मुठीने हळू ठोकत जा. टणक आवाज आला तर प्लास्टर राहू दे, भद्द आवाज आला तर ते सुटलंय. सुटलेलं सगळं आणि दिसणाऱ्या डागाच्या कडेच्या पुढे अजून फूटभर काढून टाका, कारण क्षार डागाच्या पलीकडेही गेलेले असतात. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा.

नवीन प्लास्टर एकास चार, सिमेंट आणि धुतलेली रेती. रेती कुठली ते विचारा. खाडीची खारट रेती वापरली तर तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि गळती नसताना पण भिंत दर पावसाळ्यात ओली दिसते, ठाणे-रायगड पट्ट्यात हा प्रकार बराच बघायला मिळतो. इंटिग्रल (सिमेंटमध्येच मिसळायचं) वॉटरप्रूफिंगचं लिक्विड सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला साधारण २०० मिली, डब्यावर लिहिलंय तेवढंच, "अजून थोडं टाकू" करू नका. सात दिवस क्युरिंग (पाणी मारत राहायचं), मग परत तीन-चार आठवडे सुकू दे.

त्या भिंतीला पीओपी किंवा जिप्समचं प्लास्टर अजिबात नको, ओल लागली की त्याचा लगदा होतो. व्हाइट सिमेंटची पुट्टी, दोन पातळ हात, एकूण दीड मिलिमीटरच्या वर नाही. भिंत सरळ करायला पेंटर जाड पुट्टी थापतात, तीच पहिल्यांदा सुटते. रंग पहिल्या वर्षी साधा डिस्टेंपर किंवा चुन्याचा, ज्यातून भिंतीला श्वास घेता येतो. महागडा चकाकता रंग नंतर मारा, एक पावसाळा कोरडा गेल्यावर.

तळमजला, बंगला, गावचं घर

जमिनीतून चढणारी ओल म्हणजे दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. जोत्याच्या वर डीपीसीचा (ओल वर चढू न देणारा) थर नसेल, तुटला असेल, किंवा बाहेर अंगणात मातीची भर घालून घालून ती डीपीसीच्या वर गेली असेल, तर हे होतं. तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं: बाहेरची माती, पेव्हर ब्लॉक, कुंड्यांची रांग हटवून जमीन डीपीसीच्या निदान सहा इंच खाली घ्या, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर पन्हळ लावून लांब सोडा. एक पावसाळा बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर विटांच्या खालच्या सांध्यात साधारण चार-साडेचार इंचांवर भोकं पाडून सिलेनचं (पाणी झटकून टाकणाऱ्या रसायनाचं) क्रीम भरतात, ते पसरून आत आडवा थर तयार होतो. चांगलं चालतं, पण क्षार असलेलं जुनं प्लास्टर काढलं तरच. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीत मात्र दगडच इतका सच्छिद्र की क्रीम भलतीकडेच जातं, तिथे बाहेरचा निचरा आणि चुन्याचा गिलावा हेच बरं.

आणि खालच्या तीन फुटांना टाइल्सचा डॅडो लावून ओल "झाकायची" आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. आमच्या आत्याकडे गावाला केलंय. पाणी बाहेर पडायला जागा शोधत वर गेलं आणि आता बरोबर टाइल्स संपतात तिथून पोपडे निघतायत, देवघरापर्यंत.

पुढच्या जूनमध्ये रंगावर परत पेन्सिलने एक फिकट रेघ मारून ठेवा, जिथे डाग होता तिथेच. पुसायला खोडरबर चालतं.